अनुभव धागा: फाईल दिसते, पण फाईल नव्हे! यूईएफआय व्हेरिएबल्सशी पडलेली गाठ

सातरस्ता_सोलापूर (धागाकर्ता)
गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, निघालो होतो. वाटेत नवी पेठेत मित्राच्या दुकानात डोकावलो, तर लिनक्स टाकलेला एक लॅपटॉप बूटच होईना. यूईएफआय म्हणजे मशीन चालू करणारं फर्मवेअर, आणि त्याच्या जपून ठेवलेल्या सेटिंग म्हणजे व्हेरिएबल्स. लिनक्स ती ईएफआयव्हारएफएस या फाईलसिस्टिममध्ये फाईलींसारखी दाखवतं. पेनड्राइव्हवरून चालू करून त्यातली बूटऑर्डरची (कुठून आधी बूट करायचं त्या क्रमाची) फाईल उघडली. त्यात दोन नोंदी, प्रत्येकी दोन बाइट. क्रम उलटा करून चार बाइट लिहिले, तर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. तासभर डोकं खाजवलं. त्या फाईलीतले पहिले चार बाइट डेटाचे नसतातच, ते ॲट्रिब्यूट्सचे (व्हेरिएबल टिकाऊ आहे का, कधी वाचता येतं हे सांगणाऱ्या खुणांचे): सात, शून्य, शून्य, शून्य. मी तेच गाळले होते, म्हणून कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) माझ्या नोंदींनाच ॲट्रिब्यूट्स समजून हाकललं.
तुमच्यावर असं काही ओढवलंय का? लिहा. आणि या व्हेरिएबल्सचं फाईलसिस्टिम करायला हवं होतं का, तेही सांगा.

कडकभाकरी
जुन्या पद्धतीपेक्षा बरंच म्हणायचं. आधी सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाईलींतून दाखवणाऱ्या व्यवस्थेत) एका व्हेरिएबलला 1024 बाइटची मर्यादा होती. ती ईएफआयच्या (यूईएफआयच्या आधीच्या रूपाच्या) 0.99 आवृत्तीतली, पुढे स्पेसिफिकेशनमधून गेली, कोडमध्ये राहिली. सिक्युअर बूटच्या (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर बूट होऊ देणाऱ्या सोयीच्या) किल्ल्यांची यादी तेवढ्यात कशी मावणार? 2013 मध्ये 3.8 कर्नलबरोबर ईएफआयव्हारएफएस आलं, तेव्हा सुटलो.

टॉवेल_आणि_टर्मिनल
इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. प्रोजेक्टसाठी स्वतःचं एक व्हेरिएबल ठेवलं होतं. प्रोग्राममध्ये आधी ॲट्रिब्यूट्स लिहिले, मग डेटा, असे दोन वेगळे राइट. साध्या फाईलीत हे खपतं. इथे प्रत्येक राइट म्हणजे फर्मवेअरला अख्खं व्हेरिएबल बदलण्याची एक मागणी. पहिल्या राइटमध्ये डेटा शून्य लांबीचा गेला, आणि शून्य लांबी म्हणजे ‘पुसून टाक’. पुसलं! बफर एकत्र करून एकाच राइटमध्ये दिल्यावर चाललं. क्यूईएमयूमध्ये (आभासी मशीनवर) करत होतो म्हणून वाचलो. घरच्या लॅपटॉपवर केलं असतं तर वडिलांनी लूमवर बसवलं असतं.

बाराबंदी
का बे, तुझं एकच पुसलं. 2016 च्या सुरुवातीला कुणीतरी रूटपासून ‘आरएम -आरएफ’ (सगळं न विचारता पुसणारी आज्ञा) चालवलं, माउंट केलेली व्हेरिएबल्सही गेली आणि मशीन पुन्हा उठलंच नाही. दोष खरा त्या फर्मवेअरचा. व्हेरिएबल्स गेली तर मूळ सेटिंगवर यायला नको? पण त्यानंतर कर्नलने ओळखीची प्रमाणित व्हेरिएबल्स सोडून बाकी फाईली इम्युटेबल (बदलता-पुसता न येणाऱ्या) केल्या. आता आधी ‘चॅट्र’ या आज्ञेने ते कुलूप काढायचं, मग हात लावायचा. माझं मत: पुसणं इतकं सोपं ठेवायलाच नको होतं. फ्रीबीएसडीने फाईलसिस्टिमच्या नादी न लागता ‘ईएफआयव्हार’ ही आज्ञा आणि आयोसीटीएल (प्रोग्रामने कर्नलला थेट विनंती करायचा मार्ग) ठेवलं. कंटाळवाणं आहे, पण आरएम तिथे पोचत नाही.

टॉवेल_आणि_टर्मिनल
@बाराबंदी, मग हेक्सडंप (फाईलीतले बाइट दाखवणारी आज्ञा) थेट कसा लावणार दादा? तुमच्या त्या आज्ञेला सगळं विचारत बसायचं?

सातरस्ता_सोलापूर
दोघांचंही पटतंय, हीच पंचाईत. लॅपटॉप चालू झाला. होम मैदानावर पोचेपर्यंत शोभेचं दारूकाम मात्र संपलं होतं.