सांगली सोडून पुण्याला जावे का?

प्रश्न : माझे वय 25 असून सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी तीन वर्षे हिशेब पाहतो. आता पुण्यात राहून सॉफ्टवेअरचे काम शिकावे असे मनापासून वाटते, परंतु वडिलांना ते पटत नाही. काय करावे?

उत्तर 1 : अवश्य जावे, मात्र सहा महिन्यांचे खोलीभाडे आणि खानावळीचे पैसे गाठीशी ठेवूनच, कारण पहिली नोकरी मिळेपर्यंत मन खचते ते बहुधा पैशांच्या ओढाताणीनेच. मीही मिरजेहून असाच गेलो होतो.

उत्तर 2 : घाई करू नये. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन (त्या भागाच्या खास मालाला मिळणारी अधिकृत ओळख) मिळाले असून, सौद्यांची जाण असलेला आणि संगणकही येणारा माणूस येथील पेढ्यांनाही उपयोगी पडेल. म्हणून आधी संध्याकाळी येथेच शिकून पाहावे. वडिलांशी मात्र आजच बोलावे.