धक्क्याला छोटी होडी लावताना पाण्याचं ऐकायचं की वाऱ्याचं?

खाडीकर: नमस्कार मंडळी, रेवदंड्याच्या बाजूला मामांची १६ फुटी फायबरची होडी आहे, मागे ९.९ एचपीची आउटबोर्ड मोटर (बाहेरून लावलेलं इंजिन). बाहेर काही त्रास नाही पण धक्क्याला लावायची वेळ आली की पाणी ओढतंय एकीकडे आणि दुपारचा खारा वारा ढकलतोय दुसरीकडे. नेमकं कोणाचं ऐकायचं? आणि एकटाच असलो तर पहिला दोर कुठला?

नाळेवरचा: आधी पाण्याचं बघ रे. नांगरावर उभ्या असलेल्या होड्यांची नाळ (पुढचं टोक) जिकडे असेल त्याच तोंडाने तूही आत ये. पाणी समोरून असलं की होडी जवळजवळ जागेवर उभी राहते तरी मोटरचं ऐकते, पाण्याबरोबर आलास तर मग थांबवणार कशी? थोड्या तिरक्या कोनात, गिअर टाक-काढ करत हळू ये, शेवटी मोटर धक्क्याकडे वळवून जरासा रिव्हर्स दे, मागची बाजू आपसूक आत येते.

मतलई: दादा बरोबर आहे पण भरती-सुकतीच्या (ओहोटीच्या) मधे पाणी थांबतं तेव्हा सगळा वाराच. तो धक्क्याकडे ढकलत असेल तर हातभर लांब समांतर उभा रहा, तोच आणून लावतो, फक्त टायर आधीच लटकवलेले पाहिजेत. वेळ बघायला आपल्याकडचा जुना हिशेब आहेच, तिथीची पाऊणपट, म्हणजे अष्टमीला भरती साधारण सहाला. मुंबई-अलिबागकडे जमतो, खाली दक्षिणेला भरती थोडी आधी येते.

टायरवाली ताई: एकट्याने असशील तर होडीच्या मध्यावरचा दोर पहिला, तो धक्क्यावरच्या मागच्या खुंटाला आखूड अडकव, मग मोटर धक्क्यापासून उलट्या बाजूला वळवून हळू फॉरवर्डमधे ठेव, होडी चिकटून राहते, बाकीचे दोर निवांत बांध. उडी मारायची नाही आणि होडी-धक्क्याच्या मधे पाय तर अजिबात नाही, फायबरला लागलं तर लागू दे.

खाडीकर: ताई थँक्स, हे भारी आहे. रात्रभर तशीच बांधून ठेवली तर चालेल?

टायरवाली ताई: आखूड दोरावर नको! अमावस्या-पौर्णिमेला तिकडे पाणी तीन मीटरच्या वर खाली जातं, होडी दोराला लटकेल नाहीतर कलंडेल. पुढचा-मागचा दोर लांबच्या खुंटांना दे, आणि सुकतीला तिथे चिखल उघडा पडत असेल तर मोटर वर उचलून ठेव.