चंद्रावरची ऊन-सावलीची सीमा कधी पाहावी?

प्रश्न: साताऱ्यात गच्चीवर ६ इंची डॉब्सोनियन दुर्बीण (साध्या फिरत्या बैठकीवरची, आरशाची) आहे, फोकल लांबी १२०० मिमी. पौर्णिमेला विवरं सपाट दिसतात. मुलांना सीमारेषा दाखवायची आहे, कोणती तिथी धरू?

उत्तर १: पौर्णिमा सोडाच, तेव्हा सावल्याच नसतात. शुक्ल सप्तमी-अष्टमी धरा. टॉलेमियस, अल्फॉन्सस, आर्झाकेल ही विवरं ओळीनं सीमेलगत येतात. आधी २५ मिमी आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग (४८ पट), मग १० मिमी (१२० पट). वेळ साधली तर अल्फॉन्ससचा तळ काळा आणि मधल्या शिखराच्या टोकावर तेवढं ऊन!

उत्तर २: सीमा चंद्राच्या विषुववृत्तावर ताशी साधारण १५ किमी सरकते, म्हणजे सायकलच्या वेगानं. म्हणून एकच विवर सात वाजता आणि नऊ वाजता मुलांना चित्रात काढायला लावा, फरक कागदावरच दिसेल. कृष्ण अष्टमीला तिथंच सूर्यास्त होतो, सावल्या उलट्या पडतात; पण चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, मुलं कुठली जागतात.

उत्तर ३: स्लॅब दिवसभर तापलेला असतो, १२० पटीला चित्र उकळल्यासारखं हलतं. शक्यतो अंगणात मातीवर लावा, नळी अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवा. तरी हललं तर ४८ वर या. चंद्रामागे दुर्बीण फिरवणारी मोटर नसेल तर १२० पटीला चंद्र दीड-दोन मिनिटांत सरकून जातो. प्रत्येक मुलाआधी विवर पुन्हा मध्ये आणा.