सोसायटी ग्रुप : सतरा पुस्तकं झाली, ताळेबंद कळेना

सी-५०२ : नमस्कार मंडळी. दोन वर्षांत गुंतवणुकीवरची सतरा पुस्तकं वाचली. तरी कंपनीचा ताळेबंद (मालमत्ता किती, देणी किती याचा तक्ता) समोर आला की गांगरायला होतं. कुठे चुकतंय?

ए-१०१ : सतरा लग्नांना हजेरी लावून संसार कळतो का? 😄

सेक्रेटरी : आधीच सांगतो, ग्रुपवर शेअरच्या टिप्स नकोत. बाकी चालू द्या.

बी-३०४ : टिप्स नाहीत, निर्धास्त राहा. सी-५०२, पुस्तकं जरा बाजूला ठेवा. एकाच कंपनीचे लागोपाठ पाच-सहा वर्षांचे वार्षिक अहवाल काढा आणि सगळ्यात जुन्यापासून सुरू करा. ‘येत्या वर्षी अमुक करू’ असं जिथे जिथे म्हटलंय ते वहीत उतरवा, मग पुढच्या वर्षीचा अहवाल उघडा. बऱ्याचदा त्या गोष्टीचं नावच नसतं, भलतंच काहीतरी सुरू झालेलं असतं.

ए-१०१ : ती चकचकीत फोटोंची पानं सोडली तर चालतील ना?

बी-३०४ : फोटो खुशाल सोडा काका, हिशोबाच्या शेवटी दिलेल्या तळटिपा सोडू नका. बारीक टायपात असतात, पण अडचणीचं सगळं तिथेच असतं. मी स्वतः ठेच खाल्लीय. एका कंपनीचा नफा दरवर्षी वाढत होता म्हणून पैसे घातले. रोख प्रवाहाचं, म्हणजे हातात खरे पैसे किती आले-गेले त्याचं, पान उलटलंच नाही. विक्री वाढली होती, पण माल उधारीवर सुटत होता आणि येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडे अडकलेले पैसे, विक्रीपेक्षा जोरात फुगत होती. कागदावर नफा, गल्ल्यात खडखडाट!

सी-५०२ : बापरे. मग ताई, सुरुवात कुठून करू?

बी-३०४ : बंद पडलेल्या धंद्यापासून. बर्कशायर हॅथवे या अमेरिकन कंपनीच्या वेबसाइटवर प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफे यांची भागधारकांना लिहिलेली पत्रं १९७७ पासूनची आहेत, फुकट. बर्कशायर मुळात कापड गिरणी. ती १९८५ मध्ये बंद केली, आणि का केली ते त्या वर्षीच्या पत्रात सविस्तर आहे. त्यातच बर्लिंग्टन या दुसऱ्या मोठ्या कापड कंपनीचा हिशोब दिलाय. १९६४ नंतरच्या २१ वर्षांत तिने भांडवली खर्चावर, म्हणजे यंत्रं वगैरेंवर, सुमारे ३ अब्ज डॉलर ओतले, तरी भागधारकांच्या पदरात जवळपास काही पडलं नाही.

सी-५०२ : यंत्रं जुनाट घेतली की काय?

बी-३०४ : उलट, चांगली घेतली. पण नवं यंत्र आलं की शेजारची गिरणीही तेच आणते. मग भाव पडतात आणि वाचलेला पैसा गिऱ्हाइकाच्या खिशात जातो. प्रत्येक मालकाचा हिशोब त्याच्यापुरता बरोबर, सगळ्यांचा मिळून चुकलेला. हे पत्र मी तीनदा वाचलं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

ए-१०१ : कॅमेऱ्याच्या फिल्मवाल्या कोडॅकचंही तसंच ना? १९७५ मध्ये त्यांच्याच इंजिनियरने डिजिटल कॅमेरा बनवला आणि २०१२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत.

बी-३०४ : ते दुखणं वेगळं काका. तिथे नव्या मालामुळे स्वतःचाच फिल्मचा धंदा मोडणार होता. पण शेवट माहीत असला की आपण सगळेच शहाणे. म्हणून पुढचा अहवाल उघडण्याआधी आपला अंदाज तारीख घालून लिहून ठेवायचा. माझ्या जुन्या वहीत एका कंपनीपुढे ‘हिला मरण नाही’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. कोणती ते विचारू नका.

ए-१०१ : विचारणारच होतो 😄

सी-५०२ : एक अहवाल डाउनलोड केला. २३८ पानं!!

बी-३०४ : आधी ऑडिटरचा अहवाल, मग रोख प्रवाह. अध्यक्षांचं भाषण सगळ्यात शेवटी. येणी किती वाढलीत ते रविवारी सांगा.

सेक्रेटरी : सांगा, पण कंपनीचं नाव न घेता.