कॉट बेसिसच्या खोलीत इंडक्शनवर रात्रीचा स्वयंपाक: काय घ्यावं, काय टाळावं?

उदगीरची_पोर

नमस्कार मंडळी. पुण्यात नवी पेठेत जुन्या इमारतीत कॉट बेसिसवर, म्हणजे खाटेप्रमाणे भाडं देऊन, आम्ही तिघी राहतो. दोन्ही वेळची मेस लावली आहे. पण रविवारी रात्री मेस बंद, प्रॅक्टिकल लांबलं की दुपारचं ताट चुकतं, आणि खाडे धरत नाहीत, म्हणजे न जेवलेल्या ताटाचे पैसे वजा होत नाहीत. म्हणून पुढच्या महिन्यापासून एकच वेळची मेस ठेवून रात्रीचं खोलीतच करायचं म्हणतोय. घरमालकीणकाकू गॅसला नाही म्हणाल्या, इंडक्शन चालेल, पण विजेचे पैसे युनिटप्रमाणे वेगळे. फ्रिज नाही. घरून ३ लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा जुना कुकर येईल.

तर प्रश्न असे: किती वॉटची शेगडी घ्यावी? हा कुकर तिच्यावर चालेल का? तिघींसाठी डाळ-भाताचं प्रमाण काय? आणि मेस निम्मी केली तर खरंच पैसे वाचतात का? शिवाय पावसाळ्यात कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, वास मारतात, त्यावर काही असेल तर तेही सांगा.

तारमास्तर

शेगडी नंतर, आधी भिंतीकडे बघ. पंखा-दिव्याच्या बोर्डावर जो लहान तीन भोकांचा पॉइंट असतो तो ६ अँपिअरचा. फ्रिज-गिझरसाठी जो मोठ्या भोकांचा असतो तो १६ अँपिअरचा, वायरमन अजूनही त्याला पंधराचा म्हणतात. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढते. लहान पॉइंटची वायर आणि आतल्या पट्ट्या त्यासाठी नसतातच.

आता गोची अशी की जुन्या खोल्यांत मोठा पॉइंट फक्त बाथरूमबाहेर, गिझरसाठी असतो. मग मुलं वीस-तीस रुपयांचा कन्व्हर्टर आणून मोठी पिन लहान भोकात बसवतात. पहिले आठ दिवस काही होत नाही. मग पिन सैल होते, सैल जोडावर उष्णता वाढते, उष्णतेने पट्टी आणखी सैल होते. पिन काळी पडली, प्लास्टिकचा वास आला किंवा बोर्डातून चर्रर्र आवाज आला की त्याच क्षणी बंद. घासून पुन्हा लावायची नाही, पॉइंट बदलायचा.

मोठा पॉइंट नसेल तर दोनच रस्ते. एक, काकूंना सांगून वायरमनकडून मेन बोर्डापासून २.५ चौरस मिलिमीटरची वेगळी तांब्याची वायर ओढून घ्यायची, सोबत १६ अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि मुख्य म्हणजे अर्थिंग. दुसरा, लहान पिन असलेली १२०० वॉटची शेगडी घ्यायची. ती सव्वापाच अँपिअर घेते, पॉइंट घट्ट आणि धडका असेल तर चालते, पण त्या बोर्डावर त्या वेळी इस्त्री, केटल काही नाही. मोठी शेगडी आणून '८०० वर ठेवू' हा हिशेब करू नकोस. कमी आकड्यावर बऱ्याच शेगड्या सलग कमी वीज घेत नाहीत, थांबून थांबून झटक्याने घेतात. आकडा सरासरीचा असतो.

गिझर आणि शेगडी एका वेळी नको. ३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर, वर शेगडीचे पावणेनऊ, म्हणजे जवळपास २२. खोलीचा मेन १६ किंवा २० चा असेल तर तो पडणारच. पडला की कुणीतरी 'मोठा एमसीबी टाका' असा सल्ला देतं. तो ऐकू नका. एमसीबी वायरीला वाचवायला असतो. मोठा टाकला की पुढच्या वेळी एमसीबी पडत नाही, वायर जळते.

भांड्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही असं समज. खाली पाट घेऊन उभं राहणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

आणि गॅस नको म्हणतात ते बरंच आहे. ५ किलोचा छोटा सिलिंडर कंपनीच्या वितरकाकडे नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. धोका असतो तो गल्लीतल्या दुकानात मोठ्या टाकीतून भरून दिलेल्या बिनमार्काच्या टाकीचा. ती खोलीत आणूच नये.

कुकरची_शिट्टी

तुमचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर घरीच राहू द्या. इंडक्शन भांड्याचा तळ चुंबकीय असेल तरच तापवते. दुकानात जाताना फ्रिजवरचं चुंबक खिशात न्या. तळाला घट्ट चिकटलं तरच घ्या. नुसत्या 'स्टील आहे' यावर जाऊ नका, काही स्टीलला चुंबक चिकटत नाही. तळ सपाट आणि निदान १२ सेंटीमीटर रुंद हवा, नाहीतर शेगडी टिकटिक करून बंद पडते. फोडणीचं कढलं म्हणूनच तिच्यावर चालत नाही.

तिघींना तीन वस्तू पुरतात: इंडक्शन तळाचा ३ लिटरचा कुकर, त्यात मावणारे दोन डबे, आणि सपाट बुडाची लोखंडी कढई. घरचा गोल बुडाचा तवा आणू नका, मधोमध तेवढा तापतो.

प्रमाण, नेहमीच्या आमटीच्या वाटीने: तांदूळ दीड वाटी, पाणी तीन वाटी. तूरडाळ पाऊण वाटी, पाणी सव्वादोन वाटी. डाळ धुऊन २० मिनिटं भिजवा. त्यात हळद, हिंग आणि अर्धा चमचा तेल. तेल चवीसाठी नाही, फेस वर चढून शिट्टी तुंबू नये म्हणून. मीठ, टोमॅटो, चिंच आत्ता टाकू नका. आंबटामुळे डाळ दडदडीत राहते आणि लोक डाळीला नावं ठेवतात. कुकरच्या तळाशी दोन वाटी पाणी, खाली डाळीचा डबा, वर भाताचा, त्यावर ताटली. ताटली विसरलात तर झाकणावरचं पाणी भातात पडून वरचा थर गचगचीत होतो.

गॅसवरच्या सवयीने शिट्ट्या मोजू नका. इंडक्शनवर दाब पटकन येतो, पाच-सहा मिनिटांत चार शिट्ट्या होतात आणि डाळ कच्चीच असते. १२०० वर पहिली शिट्टी येऊ द्या, मग ५००-६०० वर आणून घड्याळ लावून १० ते १२ मिनिटं. बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्या, आणखी दहा मिनिटं. शिट्टी उचलून वाफ काढली तर भात फडफडीत न होता फुटतो आणि डाळ उसळून झाकणाला येते. तळात पाणी घालायला विसरलं तर सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो. तो थोडक्या पैशांत मिळतो, पण कुकरच्या त्याच कंपनीचा, त्याच मापाचा घ्या. एक जास्तीचा आणूनच ठेवा. झाकणाची रिंग सैल झाली की बाजूने वाफ जाते, शिट्टीच होत नाही, तीही वर्षाकाठी बदलावी लागते.

विजेचं म्हणाल तर एका कुकरला साधारण २५ मिनिटं, सरासरी ९०० वॉट धरले तर पाऊण युनिटाच्या निम्मं, म्हणजे ०.३७ च्या आसपास. काकूंनी युनिटला १२ रुपये लावले तरी साडेचार रुपये. तेव्हा विजेला घाबरू नका. गिझर त्याच्या कितीतरी पट खातो.

फोडणीला ४०० च्या वर जाऊ नका. इंडक्शनवर तेल धुराला येईपर्यंत आपण अजून मोहरीचा डबा शोधत असतो.

पोळ्यांच्या फंदात पडू नका हे माझं स्पष्ट मत. ज्वाळ नसल्यामुळे फुलका फुगवता येत नाही, तव्यावरच कपड्याने दाबत बसावं लागतं, आणि कणीक मळण्यापासून पोळपाट धुण्यापर्यंत पाऊण तास जातो. पेठांत पावलापावलावर पोळी-भाजी केंद्रं आहेत. नऊ पोळ्या आणायच्या, भाजी-आमटी खोलीत.

फ्रिज नाही म्हणजे उरवायचं नाही, हे नक्की. रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन खाणं आपल्याकडे चालतं, पण एप्रिल-मे आणि दमट पावसाळ्यात खोलीत उघड्यावर रात्रभर राहिलेला भात पुन्हा गरम केला तरी पोट बिघडवू शकतो. माणशी अर्धी वाटी तांदूळ हेच प्रमाण धरा, 'थोडं जास्त लावू' नको. दूध अर्ध्या लिटरची पिशवी, आणल्या आणल्या उकळायचं, उरलं की कोमट असताना चमचाभर विरजण.

भातावर_मेतकूट

वरच्या सगळ्याला अनुमोदन. फक्त उदगीरकडच्या माणसाला तूरडाळ शिजवायचं एवढं सांगताय आणि येसराचं नाव नाही? घरून किलोभर येसर मागवा. भाजलेलं धान्य, डाळी आणि मसाला त्यात आधीच असतो. तीन मोठे चमचे येसर वाटीभर गार पाण्यात कालवायचं, गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या. कढईत लसूण-जिऱ्याची फोडणी, दोन वाटी पाणी, उकळी आली की कालवलेलं ओतून सात-आठ मिनिटं ढवळत राहायचं. कुकरमध्ये मग एकटा भात. पेठेतल्या मेसची गूळ घातलेली आमटी ज्यांच्या घशाखाली उतरत नाही त्यांच्यासाठी हे औषध आहे.

घरून काय आणू नये तेही लिहितो. शेंगदाण्याचा कूट पावसाळ्यात तीन आठवड्यांत खवट होतो. त्याऐवजी अख्खे भाजलेले दाणे आणा आणि लागेल तसे खलबत्त्यात कुटा. ओल्या खोबऱ्याची चटणी नको, लसणाची कोरडी आणा. बरणीत ओला चमचा गेला की मेतकूट असो की चटणी, बुरशी ठरलेली. धपाटे दोन-तीन दिवस टिकतात, पण गरम असताना डब्यात भरले तर वाफ धरून दुसऱ्याच दिवशी तार येते. पूर्ण गार करून कापडात गुंडाळायचे.

केटल असेल तर तिच्यात दूध उकळू नका, तळाला लागतं आणि पुढचे पंधरा दिवस चहाला करपट वास येतो. अंड्यांना मात्र उत्तम. पाण्याला उकळी येऊन केटल आपोआप बंद झाली की झाकण न उघडता १५ मिनिटं ठेवा, जवळपास घट्ट उकडतात. कमी वाटलं तर बटण पुन्हा एकदा दाबायचं.

उदगीरची_पोर

खूप आभार सगळ्यांचे. आज बघितलं, मोठा पॉइंट खरंच बाथरूमबाहेरच आहे. काकूंशी बोलते. येसर कसं विसरले! मेसच्या पैशांचं कुणी सांगाल का?

हिशेबनीस

उदाहरणादाखल महिना ३,००० रुपये आणि दोन वेळ धरू. ३० दिवसांची ६० ताटं, त्यातून चार रविवारच्या रात्री वजा, राहिली ५६. ताट पडलं ५३ रुपये ५० पैशांना. आता आठ दिवस गावी गेलीस आणि खाडे धरले नाहीत, तर पंधराएक ताटं गेली. राहिली ४१, म्हणजे ताट ७३ रुपयांना. या दरात बाहेर कधीमधी खाल्लेलं परवडतं. तेव्हा मेसवाल्याशी भाव करण्यापेक्षा खाड्यावर बोल. लागोपाठ किती दिवसांचा खाडा धरतात, किती वाजेपर्यंत आधी सांगायचं, रविवारच्या फीस्टला ताट वाढीव धरतात का. हे पैसे देण्याआधी विचारायचं, नंतर विचारून उपयोग नाही. कूपनची मेस मिळाली तर सर्वांत चांगलं, पण ३० कूपनं किती दिवसांत संपवायची ते कूपनावर छापलेलं असतं, ते वाच.

कोणती वेळ ठेवायची? तुझा बेत बरोबर उलटा असायला हवा असं वाटतं. प्रॅक्टिकलमुळे चुकतं ते दुपारचं ताट. मग रात्रीची मेस ठेव, आणि सकाळी कुकर लावून डबा घेऊन जा. मूगडाळीची खिचडी किंवा मटकीची उसळ, डब्यात सांडत नाही. मटकी सकाळी भिजत घालायची, रात्री फडक्यात बांधायची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोड येतात. थंडीत आणखी अर्धा दिवस लागतो. रात्री नऊला थकून येऊन स्वयंपाक करायचा उत्साह पहिल्या चाचणी परीक्षेपर्यंतच टिकतो, मग शेगडीवर पुस्तकं रचली जातात.

आणखी एक, विचारलं नाहीस तरी. पुण्यात नवीन बँक खातं उघडलं असशील तर फॉर्मवर आधार जोडण्याच्या चौकटीत खूण केली का ते आठव. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती अर्जातल्या खाते क्रमांकावर नाही, आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यावर जाते. गावच्या खात्यात पैसे आले नाहीत म्हणून लोक कॉलेजात खेपा घालतात आणि पैसे दुसऱ्याच खात्यात पडून असतात.

शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या, अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. यात बसत असशील तर बाहेर राहत असल्याचा पुरावा लागतो, आणि कॉट बेसिसवाले भाडेकरार देत नाहीत तिथे गाडं अडतं. लेखी करार करून नोंदवण्याची जबाबदारी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाची आहे. भांडायला जाऊ नकोस, पण अनामत देतानाच हे बोलून ठेवलेलं चांगलं. भाडं रोख न देता यूपीआयने दे, 'जुलैचं भाडं' असं लिहून.

दोरीवरचे_कपडे

कपड्यांचा प्रश्न राहिलाच. वास पावसाचा नसतो, कपडा किती तास ओला राहिला त्याचा असतो. रात्रभर बादलीत भिजवणं आधी बंद करा, अर्धा तास पुष्कळ. पिळल्यावर कपडा कोरड्या टॉवेलात गुंडाळून पुन्हा पिळा, निम्मं पाणी टॉवेल घेतो. दोरी भिंतीलगत नको, पंख्याखाली मधोमध बांधा, दोन कपड्यांत वीतभर अंतर. जीन्स उलटी करून, कमरेकडून दोन चिमट्यांनी उघडी टांगायची, घडी घालून टाकली तर खिसे दोन दिवस ओले राहतात. तिघींनी धुण्याचे वार वाटून घ्या. एका दिवशी तिघींचं धुणं त्या खोलीत वाळणार नाही, खिडकी उघडी असो वा बंद.

आणि ज्या दोरीखाली शेगडी ठेवणार असाल ती दोरी आधी हलवा.