मदत हवी आहे: रत्नागिरीत आई एकटी राहते, परिसर किती सुरक्षित आहे हे कसं कळेल?

आई 71 वर्षांची. रत्नागिरीत नाचणे रोडच्या आतल्या बाजूला आमचं बैठं घर आहे, तिथे एकटीच असते. मी डोंबिवलीला, भाऊ पुण्याला. ‘तिला तुमच्याकडे आणा’ हा सल्ला कृपया नको. सांगून झालंय, भांडूनही झालंय. "तुमच्या त्या चौथ्या मजल्यावर मी दिवसभर करू काय गो?" हे तिचं उत्तर ठरलेलं.

गणपती झाले, चाकरमानी परत गेले की आमच्या आळीत सातापैकी चार घरांना कुलूप. दिवाळीच्या आधी त्यातल्याच शेजारच्या घरी चोरी झाली. न्हाणीघराची कडी उचकटून तांब्याचा बंब नेला, दोन समया नेल्या आणि पितळी नळसुद्धा काढून नेला. बंबातली राख मात्र पायरीवर नीट ओतून ठेवलेली. आई सकाळी तगरीची फुलं काढायला गेली तेव्हा तिला तो ढीग दिसला. मला बंबापेक्षा ती राख जास्त लागली. म्हणजे चोराला काही घाई नव्हती, आणि आई तिथून वीस पावलांवर झोपलेली होती.

त्याआधी दोन मुलं दागिने पॉलिश करून देतो म्हणून दारात आली होती. पाटल्या बँकेत आहेत, हातातल्या खोट्या आहेत, असं सांगून आईने कडी लावली. हातातल्याच खऱ्या होत्या!

आता आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज ‘टोळी उतरली आहे, सावध रहा’. सोबत फोटो. हाच फोटो गेल्या वर्षी माझ्या नणंदेच्या चिपळूणच्या ग्रुपवर फिरत होता. शिवाय कधी आंब्याच्या बागेतले राखणदार, कधी बांधकामावरचे मजूर, असं बोट दाखवणं चालू. पाहिलं कोणी? कोणीच नाही. मला ते पटत नाही, आणि त्यातून आईच्या दाराची कडी काही घट्ट होत नाही.

म्हणून आकडे शोधायला बसले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात शहरवार तक्ते आहेत ते मोठ्या महानगरांचे. आपल्या वाट्याला येतो अख्खा रत्नागिरी जिल्हा, मंडणगडपासून राजापूरपर्यंत, 2011 च्या जनगणनेत 16 लाखांवर माणसं. त्यावरून आमच्या आळीचं काय कळणार? दर लाखामागे मोजतात, आणि शहराची वस्ती तेव्हा पाऊण लाखाच्या आसपास. एखाद्या टोळीने महिन्याभरात दहा कुलपं फोडली की त्या वर्षीचा दर उडालाच.

त्यातून खरी गोम अशी की बंबाची तक्रारच झालेली नाही. मालक विरारला. "एका बंबासाठी रजा टाकून कोण येणार?" म्हणाले. म्हणजे दप्तरी आमची आळी एकदम सुरक्षित.

तर, पोलीस ठाण्यापुरती माहिती मिळते का? मालक न येता तक्रार होऊ शकते का? आणि आईसाठी नक्की काय करावं? भाऊ म्हणतो चार कॅमेरे लावू.

प्रतिसाद 1
महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ‘पब्लिश्ड एफआयआर’ असा विभाग आहे. जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारखा निवडायच्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर संवेदनशील गुन्हे वगळून एफआयआर ऑनलाइन टाकतात. रत्नागिरी शहर आणि रत्नागिरी ग्रामीण, दोन्ही ठाणी बघा. सहा महिन्यांच्या घरफोड्या स्वतः मोजा, वेळ आणि जागा वाचा. बहुतेक बंद घरं निघतात की राहती, हे एकूण आकड्यापेक्षा तुमच्या जास्त कामाचं. वर्षवार संख्या हवी तर माहिती अधिकारात अर्ज, 10 रुपये फी, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्थात जे नोंदलंच नाही ते यातही दिसणार नाही.

प्रतिसाद 2
ताई, मालकांना रत्नागिरीला यायची गरज नाही. विरारच्या ठाण्यात झिरो एफआयआर देता येते, ती इकडे वर्ग होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 173 मध्ये, हे स्पष्टच लिहिलंय. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. आणि राहत्या घरातल्या चोरीची खबर मालकानेच द्यावी असं नाही, तुमच्या आईसुद्धा देऊ शकतात. ‘अर्ज देऊन जा’ म्हणाले तर एफआयआरच मागा, प्रत फुकट मिळते.

प्रतिसाद 3
कॅमेऱ्याआधी कुलूप बदला. बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे ‘घरात कोणी नाही’ अशी पाटीच. दारात बसवलेलं लॅच घ्या. मागच्या पडवीला हालचालीवर पेटणारा सोलर दिवा लावा. आमच्याकडे मिऱ्याला कॅमेरे आहेत, पण जूनच्या पहिल्या वादळात लाइट गेली की तेही झोपतात. इन्व्हर्टर नसेल तर पैसे वाया. आणि आईंच्या फोनवर 112 जलद डायलला टाका, शेजारच्या एका घरी रात्री कधीही फोन करायचा असं ठरवून ठेवा. आमची वहिनी रोज साडेनऊला समोरच्या काकूंना मिस्ड कॉल देते. आला नाही की काकू बॅटरी घेऊन हजर.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. पोर्टलवर दोन तास घालवले. शेजारच्या काकांना झिरो एफआयआरचं सांगितलं, शनिवारी जातो म्हणालेत. पण त्यांची शंका अशी की बंब त्यांच्या आजोबांच्या वेळचा, पावती कुठून आणायची?

प्रतिसाद 2
पावतीवाचून अडत नाही. वर्णन नीट लिहा. उंची, पोचा, डाग, ओळखीची खूण, जुना फोटो असेल तर तो.

धागाकर्ती
आईला विचारलं. बंबावर आजोबांचं नाव घातलेलं आहे म्हणे, आणि तोटीच्या वर डाग दिलेला आहे. तो तिच्यासमोरच कल्हईवाल्याने दिला होता. काकांना आत्ताच कळवते.