मदत हवी आहे: पावसाळ्यात ओल्या कचऱ्याच्या हौदांना कोरडा माल कुठून आणावा?

नमस्कार मंडळी. पुण्यातली ४८ सदनिकांची सोसायटी, रोज साधारण २५ किलो ओला कचरा. त्याचं खत करायला जाळीच्या विटांचे चार हौद, प्रत्येकी ४ बाय ३ फूट, उंची ३ फूट. उन्हाळाभर एक बादली कचऱ्याला एक बादली वाळका पाला हे प्रमाण छान चाललं. हौद मधोमध इतका तापायचा की आत हात ठेववत नसे. वास अजिबात नाही.

जुलैपासून साठवलेला पालाच दमट झालाय. हौदातला मूठभर माल दाबला की बोटांतून पाणी गळतं. एक-दोन थेंब चालतात, त्यापुढे हवा कोंडते आणि आंबूस वास सुटतो. वर पत्रा आहे, पण तिरपी सर आत येतेच. हौदात अळ्याही झाल्यात; त्या निरुपद्रवी असल्या तरी तळमजल्यावरच्या घरांना त्रास होतोय आणि तो खरा आहे. लोक वैतागले तर सुका-ओला वेगळा करण्याची लागलेली सवयही मोडेल.

कोकोपीटची (नारळाच्या काथ्याचा भुसा) ५ किलोची वीट न भिजवता फोडून वापरता येते का? भिजवली तर कोरडा माल म्हणून उपयोग काय? लाकडाचा भुसा भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून पोत्याने कुणी आणता का, काय भावाने? प्लायवूड किंवा एमडीएफचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. शिवाय हवा खेळायला हौदात भोकं पाडलेला ४ इंची पाइप उभा लावलाय का कुणी? एका हौदाला किती पुरतात?